‘उघड बेकारी’ : एका विशेषणाची चिकित्सा

१

शासनाने चालविलेल्या व्यवसाय-प्रशिक्षणाच्या योजनांमुळे बेकारी घटते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. त्या योजनांमुळे बेकारीचा आकडा घटतो काय, हा प्रश्न मात्र निराळा असून त्याचे उत्तर बऱ्याच अंशी परिभाषेच्या प्रांतात शोधावे लागते. ह्या दोन प्रश्नांची गल्लत वृत्तपत्रांत तर होतेच, पण अभ्यासकांच्या लेखनातही ती वारंवार आढळते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सांख्यिकीच्या वाटेला का जावे, अशी शंका कोणी घेतल्यास तिचे निरसन लेखाच्या ओघात व्हावे अशी अपेक्षा आहे.

शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. ‘बेकार’ ह्या संज्ञेला तो जसाच्या तसा लागू पडतो. सांख्यिकीत प्रौढ लोकसंख्येची विभागणी तीन कोठ्यांत होते : कामावर असलेले, बेकार, आणि श्रमबलाबाहेरचे. पहिल्या दोन कोठ्यांची बेरीज म्हणजे श्रमबल. आणि श्रमबलाशी बेकारांचे असलेले प्रमाण म्हणजे बेकारीचा दर. कोठे तीनच असल्यामुळे एकाची सीमा सरकली की शेजारच्याची सरकलीच पाहिजे. आता सरकारी वर्गात बसून सुतारकाम, संगणकावरील हिशेब किंवा रुग्णसेवा शिकणारा, भत्ता घेणारा आणि नोकरी नसलेला मनुष्य ह्यांपैकी कोणत्या कोठ्यातला? तिन्ही उत्तरे संभवतात, आणि निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या काळी ती तिन्ही दिलेली आहेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. श्रमबल १०० माणसांचे असून त्यांपैकी ९० कामावर व १० बेकार आहेत. शासनाने त्या दहांतील चौघांना सहा महिन्यांच्या वर्गात घातले. चौघांना बेकारच मानले तर दर १० टक्केच राहतो. त्यांना श्रमबलाबाहेर काढले तर ९६ पैकी ६, म्हणजे सव्वासहा टक्के होतो. त्यांना कामावर असलेले मानले तर १०० पैकी ६, म्हणजे सहा टक्के. तिन्ही प्रसंगी एकाही माणसाला नोकरी लागलेली नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या उत्तरांत दराच्या दृष्टीने फरक पाव टक्क्याचा. म्हणून त्या दोहोंतील भेद क्षुल्लक आहे असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो फार मोठा आहे. चौघे श्रमबलाबाहेर गेले तर कामावर असलेल्यांची संख्या ९० वर स्थिर राहते. आणि बेकारी घटली पण रोजगार वाढला नाही ही विसंगती चाणाक्ष वाचकाच्या नजरेस येते. चौघे कामावर मानले गेले तर रोजगारही ९० वरून ९४ वर जातो. बेकारी घटली, रोजगार वाढला, दोन्ही आकडे एकमेकांची साक्ष काढतात, आणि वाचकापाशी पडताळ्याचे साधन उरत नाही. हा भेद पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयास हवा.

२

ह्या विषयात स्वीडनचे उदाहरण सर्वांत उद्‌बोधक आहे, कारण प्रशिक्षणाचे धोरण त्या देशाने प्रामाणिक हेतूने व मोठ्या प्रमाणावर राबविले. श्रमबाजाराची देखरेख करणारे मध्यवर्ती मंडळ तेथे १९४८ साली स्थापन झाले. गोस्टा रेन आणि रुडॉल्फ मेइडनर ह्या कामगार-महासंघाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५१ सालच्या अधिवेशनापुढे जी योजना ठेवली तिचे सूत्र थोडक्यात असे : समान कामाला सर्वत्र समान वेतन असावे, ते देणे न परवडणारे कारखाने बंद पडले तरी पडू द्यावेत, मात्र तेथून सुटलेल्या कामगाराला शासनाने नवे कसब शिकवून वाढत्या उद्योगाकडे पोहोचवावे. ह्या योजनेत प्रशिक्षण हा पूल होता. पुलाच्या पलीकडे रिकामी जागा आहे हे त्यात गृहीत होते, आणि पुढील दोन दशके ते गृहीत बहुतांशी खरेही होते.

१९९० च्या सुमारास स्वीडनमधील बेकारी दोन टक्क्यांहून कमी होती. त्यानंतरच्या आर्थिक अरिष्टात ती तीन वर्षांत आठ टक्क्यांच्या घरात गेली. पलीकडच्या तीरावर जागाच उरल्या नाहीत. तरी पूल बांधणे चालूच राहिले, किंबहुना अधिक वेगाने चालू राहिले. १९९६ साली शासनाने एक ध्येय जाहीर केले : २००० सालापर्यंत ‘उघड बेकारी’ निम्म्यावर, म्हणजे चार टक्क्यांवर आणावयाची. ‘उघड’ ह्या अर्थी स्वीडिश भाषेत ‘ओप्पेन’ हे विशेषण आहे. माझ्या मते ह्या संपूर्ण घोषणेचा अर्थ त्या एका विशेषणात साठविलेला आहे.

विशेषणाचे कार्य व्यावर्तक असते. ‘तांबडा घोडा’ म्हणताच तांबडा नसलेला घोडाही संभवतो हे आपण मान्य करतो. ‘उघड बेकारी’ म्हणताच, उघड नसलेली बेकारी आहे, हे बोलणाऱ्याने कबूल केलेले असते. स्वीडनमधील तज्ज्ञांना हे पुरेपूर ठाऊक होते. उघड बेकार आणि शासकीय योजनांत गुंतलेले लोक ह्यांचे आकडे तेथे वेगवेगळे प्रसिद्ध होत आणि त्यांची बेरीज करणे कोणालाही शक्य होते. तेव्हा लपवालपवीचा आरोप येथे लागू होत नाही. दोष आहे तो ध्येयाच्या रचनेत. ज्या राशीचा एक भाग शासन स्वतःच्या आदेशाने दुसऱ्या रकान्यात नेऊ शकते, ती राशी ध्येय म्हणून निवडली की ध्येय गाठण्याचे दोन मार्ग मोकळे होतात : एक नोकऱ्या निर्माण करण्याचा आणि दुसरा रकाना बदलण्याचा. पहिला मार्ग कठीण, दुसरा सोपा. दोन्ही मार्गांचा शेवट एकाच आकड्यात होतो.

पुढील वर्षी, जुलै १९९७ मध्ये, ‘ज्ञानोन्नती’ अशा अर्थाच्या नावाची प्रौढशिक्षणाची पाच वर्षांची विशाल मोहीम तेथे सुरू झाली. दरवर्षी सुमारे एक लाख जागा नगरपालिकांच्या वर्गांतून उपलब्ध करण्यात आल्या. ज्यांचे शिक्षण अपुरे राहिले त्या प्रौढांना माध्यमिक शाळेची पातळी गाठून देणे हा तिचा उद्देश होता. बेकारांना बेकारी-भत्त्याइतकेच विद्यावेतन एक वर्षापर्यंत मिळे. ही मोहीम निंद्य होती असे कोणीही म्हणणार नाही. चाळिशीतल्या कामगाराला पुन्हा शाळेत बसण्याची संधी देणारा देश विरळाच. परंतु पूर्णवेळ विद्यार्थी हा त्या काळच्या स्वीडिश व्याख्येप्रमाणे श्रमबलाबाहेरचा. म्हणून वर्गाच्या दारातून आत गेलेला बेकार त्याच क्षणी ‘उघड बेकारी’तून बाहेर पडला. ठरलेले चार टक्के २००० साल संपण्यापूर्वी गाठले गेले.

न्यायाने पाहता, त्या चार वर्षांत स्वीडनमध्ये खऱ्या नोकऱ्याही वाढल्या होत्या हे सांगितलेच पाहिजे. म्हणूनच प्रश्न असा विचारावयास हवा की घटीपैकी किती भाग नोकऱ्यांचा आणि किती भाग रकान्यांचा? लार्स काल्मफोर्स, आंडर्स फोर्सलुंड आणि मारिया हेमस्ट्रॉम ह्यांनी २००१ साली स्वीडिश अनुभवाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्याचा निष्कर्ष ह्या दृष्टीने मननीय आहे. १९९० नंतरच्या दशकातील श्रमबाजार-प्रशिक्षणाचा, ते घेणाऱ्यांच्या रोजगारावर म्हणण्यासारखा अनुकूल परिणाम दिसत नाही. शासकीय योजनांमुळे एकंदरीत उघड बेकारी बहुधा घटली, पण त्याबरोबर नेहमीचा रोजगारही घटला, असे त्यांना आढळले. दोन विधाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे विशेषणाचा महिमा कळतो. ‘उघड बेकारी घटली’ हे वाक्य खरे आहे, आणि त्याच वेळी ‘लोकांना काम मिळाले’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

ह्या घटनेस एक उपसंहारही आहे. काम शोधणाऱ्या व काम स्वीकारण्यास तयार असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही बेकारांत धरावे, असा आंतरराष्ट्रीय व्याख्येला अनुसरून बदल स्वीडनच्या अधिकृत गणनेत २००७ साली करण्यात आला. एका रात्रीत कोणाची नोकरी गेली नाही. पण बेकारांची संख्या वाढली. व्याख्येच्या बळावर आकडा खाली येतो तसाच वरही जातो, ह्याचा हा पुरावा होय.

३

स्वीडनने हे कार्य विशेषणाकडून करून घेतले. जर्मनीने ते क्रियापदाकडून करून घेतले आहे. तेथील सामाजिक संहितेच्या तिसऱ्या खंडात, सोळाव्या कलमात, बेकाराची व्याख्या आहे. श्रमबाजाराच्या सक्रिय उपाययोजनांत भाग घेणारे लोक बेकार मानले जात नाहीत, अशा आशयाचे उपकलम त्याला २००४ पासून जोडलेले आहे. मुळातील क्रियापद ‘गेल्टेन’ हे आहे. कायद्याच्या जर्मन भाषेत ते ‘असणे’ ह्यापासून कटाक्षाने वेगळे ठेवले जाते. वस्तुस्थिती काहीही असो, कायद्यापुरते असे धरावयाचे, हा त्याचा अर्थ. मराठीत ‘समजला जाईल’, ‘मानण्यात येईल’ ही अधिनियमांतील क्रियारूपे तेच काम करतात. कायद्याने केलेली कल्पना ही कल्पनाच आहे, हे क्रियापद प्रांजळपणे सांगते. परंतु तेथून निघालेला आकडा जेव्हा वृत्तपत्राच्या मथळ्यात जातो, तेव्हा ‘मानले जात नाहीत’ ह्याचे ‘नाहीत’ झालेले असते. क्रियापदाचा अर्धा भाग वाटेत गळतो.

असाच एक दुसरा नियम तेथे २००८ पासून होता. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाल्यावर बारा महिने मूलभूत भत्ता घेऊनही ज्यांना नोकरीचा एकही देकार आला नाही, त्यांना बेकारांत धरले जात नसे. म्हणजे काम देण्यात यंत्रणेला जितके अपयश येई तितका आकडा सुधारे. हा नियम २०२३ च्या आरंभी रद्द झाला. जर्मनीच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. तेथील रोजगार-संस्था दरमहा बेकारांच्या आकड्याशेजारी ‘न्यून-रोजगार’ ह्या नावाची दुसरी संख्या प्रसिद्ध करते, आणि प्रशिक्षणात असलेले, शासकीय उपाययोजनांत गुंतलेले व आजारामुळे त्या काळापुरते गणनेतून सुटलेले लोक तीत मिळविलेले असतात. कायद्याने जे वेगळे केले ते सांख्यिकीने पुन्हा जोडून दाखविले. हा आदर्श लेखाच्या शेवटी पुन्हा विचारात घ्यावयाचा आहे.

ब्रिटनमध्ये बदलला तो वाक्याचा कर्ताच. ऑक्टोबर १९८२ पर्यंत तेथे रोजगार-कचेरीत नाव नोंदविलेल्यांची गणना होत असे. त्यानंतर बेकारीमुळे भत्ता मागणाऱ्यांची होऊ लागली. ‘काम मागणारा’ हा कर्ता जाऊन ‘पैसे मागणारा’ हा कर्ता आला. एकदा हे झाल्यावर भत्त्याचा प्रत्येक नियम हा आपोआप बेकारीच्या व्याख्येचा नियम झाला. १९८३ साली शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी युवक-प्रशिक्षण योजना सुरू झाली. सप्टेंबर १९८८ मध्ये, तिच्यात जागा मिळण्याची हमी आहे ह्या कारणाने, सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा भत्त्याचा हक्क काढून घेण्यात आला. हक्क गेला म्हणजे मागणी गेली. मागणी गेली म्हणजे गणना गेली. प्रशिक्षणाची जागा प्रत्यक्षात घेतलेला मुलगा आणि ती नाकारून रस्त्यावर फिरणारा मुलगा, दोघेही एकदमच आकड्याबाहेर पडले.

एप्रिल १९९८ पासून ब्रिटनने आंतरराष्ट्रीय व्याख्येवर आधारलेले श्रमबल-सर्वेक्षण हेच प्रमुख माप मानले. त्यातही प्रशिक्षणार्थींचा प्रश्न सुटला नाही, पण तो उघड्यावर आला. ह्या सर्वेक्षणात कामावर असलेल्यांचे चार वर्ग आहेत : नोकर, स्वयंरोजगारी, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे, आणि शासनसाहाय्यित प्रशिक्षण व रोजगार योजनांतील लोक. चौथा वर्ग रोजगारात धरावा की नाही ह्याविषयी मतभेद संभवतो. परंतु तो वेगळ्या ओळीत छापलेला असल्यामुळे ज्याला तो वजा करावयाचा असेल त्याला करता येतो. वर्गीकरण वादग्रस्त असले तरी वाचकाच्या हाती पडताळ्याचे साधन राहिले.

४

येथवरचे विवेचन वाचून, प्रशिक्षणार्थींना बेकारांतच धरावे असे माझे मत आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तसे ते नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे वजनदार आहे. बेकारीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत १९८२ पासून तीन अटी आहेत : काम नसणे, काम करण्यास तूर्त उपलब्ध असणे, आणि काम शोधत असणे. जो मनुष्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्गात आहे व अभ्यासक्रम पुरा करण्याची ज्याची इच्छा आहे, तो दुसरी अट पुरी करीत नाही. त्याला बेकार म्हणणे म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला बेकार वैद्य म्हणण्यासारखे होईल. रोजगारवाढीच्या योजनांचा गणनेवर काय परिणाम होतो ह्याविषयी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी-परिषदेने १९८७ साली स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे मान्य केली. प्रशिक्षण एखाद्या उद्योगाच्या उत्पादनकार्याचाच भाग आहे काय, प्रशिक्षणार्थीचा नोकरीशी औपचारिक संबंध कायम आहे काय, अशा कसोट्यांवर त्याचे स्थान ठरवावे असा त्या सूत्रांचा रोख आहे. २०१३ सालच्या ठरावाने विनावेतन प्रशिक्षणार्थीचे काम हा कामाचा एक स्वतंत्र प्रकारच मानला, आणि ज्यांना नजीकच्या काळात रुजू होण्याची नोकरी हाती आलेली आहे अशा प्रशिक्षणार्थींची विशिष्ट परिस्थितीत बेकारांत गणना करण्याची तरतूद केली. म्हणजे तज्ज्ञांनी हा प्रश्न टाळलेला नाही.

शिवाय उलट दिशेची चूकही इतिहासात नमूद आहे. महामंदीच्या काळात अमेरिकेच्या शासनाने लक्षावधी लोकांना साहाय्य-कामांवर घेतले. ही प्रशिक्षणाची नव्हे, मुख्यत्वे मजुरीची कामे होती. पण गणनेचा पेच तोच. स्टॅन्ली लेबरगॉट ह्यांच्या प्रमाणभूत मानल्या गेलेल्या आकडेमालेत हे सर्व लोक बेकार धरलेले होते. मायकेल डार्बी ह्यांनी १९७६ साली ते कामावर धरून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा १९३६ सालचा बेकारीचा दर १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. सात टक्क्यांचा हा फरक त्या वर्षीच्या कोणत्याही घटनेचा नव्हे. चाळीस वर्षांनंतर बदललेल्या एका वाक्याचा आहे. रस्ते आणि शाळा बांधणाऱ्या माणसाला बेकार म्हणणे हाही त्याच्या श्रमांवर अन्याय आहे, हे डार्बी ह्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही.

तात्पर्य, प्रशिक्षणार्थी मूळ स्वरूपानेच सीमेवरचा आहे. त्याला कोणत्याही एका कोठ्यात कोंबले तरी काही अर्थ बाहेर सांडतोच. शिकण्यात वेळ गुंतल्यामुळे नोकरीचा शोध मंदावतो, आणि वर्ग संपल्यावर तो वेग घेतो. ज्या गणनेत नोंद खंडित झाली की कालावधी शून्यापासून पुन्हा मोजला जातो, तेथे दोन वर्षांचा बेकार वर्गातून परतल्यावर एक महिन्याचा बेकार ठरतो. ‘दीर्घकालीन बेकारी घटली’ ह्या विधानाची चिकित्सा करताना हा दुसरा परिणाम विशेष जपून पाहावा लागतो, कारण तेथे माणूस गणनेत राहतो आणि केवळ त्याचा भूतकाळ पुसला जातो.

५

आता आपल्याकडे वळू. भारतात बेकारीचा अधिकृत दर नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून मिळतो. हे सर्वेक्षण २०१७ साली सुरू झाले, आणि २०२५ पासून त्याचे मासिक अंदाजही प्रसिद्ध होऊ लागले. प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत त्याच्या व्याख्या दोन वाटा दाखवितात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पूर्णवेळ शिकणारा व अन्य काम न करणारा तरुण ‘शिक्षणसंस्थेत जाणारा’ ठरतो, म्हणजे श्रमबलाबाहेर राहतो. परंतु एखाद्या आस्थापनेत वेतन घेऊन शिकणारा शिकाऊ उमेदवार ‘नियमित वेतनी नोकर’ ह्या वर्गात जातो; त्या वर्गाच्या व्याख्येतच वेतन घेणाऱ्या शिकाऊ उमेदवारांचा समावेश केलेला आहे. आरंभी सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी दुसरे आणि तिसरे, अशी दोन्ही उत्तरे एकाच सर्वेक्षणात नांदतात.

ह्या व्याख्येच्या शेजारी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ठेवून पाहावा. त्याच्या अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि म्हणून कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणजे एकच तरुण, एकाच दिवशी, एकाच यंत्रापाशी उभा असता, हक्क मागण्याच्या वेळी कामगार नसतो आणि मोजणीच्या वेळी नियमित नोकर असतो. दोन्ही मजकूर त्यांच्या त्यांच्या प्रयोजनापुरते सुसंगत आहेत हे खरे. पण दोन्ही एकत्र वाचले असता जो अर्थ निष्पन्न होतो तो कोणाही विचारी नागरिकाला अस्वस्थ करणारा आहे. ब्रिटिश तक्त्यात अशा लोकांची ओळ वेगळी छापली जाते. आपल्या सर्वेक्षणाच्या कार्य-संकेतांकांत नियमित वेतनी नोकराला एकच संकेतांक आहे आणि शिकाऊ उमेदवाराला त्यात स्वतंत्र स्थान नाही. पुन्हा हा वर्ग सर्वांत प्रतिष्ठेचा. मजुरी, स्वयंरोजगार आणि नियमित वेतन ह्यांपैकी नियमित वेतनाचा हिस्सा वाढणे हे अर्थव्यवस्था सुधारत असल्याचे चिन्ह मानले जाते.

महाराष्ट्रात २०२४ साली ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ सुरू झाली. बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका घेतलेल्यांस ८,००० रुपये आणि पदवीधर व पदव्युत्तर तरुणांस १०,००० रुपये विद्यावेतन देऊन त्यांना सहा महिने शासकीय वा खाजगी आस्थापनांत पाठवावयाचे, असे तिचे मूळ स्वरूप होते. ही मुदत २०२५ साली अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. योजनेच्या नावातच ‘कार्य’ आणि ‘प्रशिक्षण’ हे दोन्ही शब्द आहेत. आमचा प्रशिक्षणार्थी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसून नोंदी करतो आणि महिनाअखेर पैसे घेतो. सर्वेक्षणाच्या प्रगणकाने त्याला वेतन घेणारा शिकाऊ उमेदवार मानले, तर तो नियमित नोकर ठरेल. आणि अकरा महिने हा वर्षाचा बहुतांश असल्यामुळे, चालू आठवड्याच्या निकषावर तर राहोच, पण वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीच्या निकषावरही तो नोकरच ठरू शकेल. बारावा महिना उजाडल्यावर तो स्वतःला काय म्हणवून घेईल, हे सांगावयास नको. मुदत संपलेल्या प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी केली, हीच त्याची साक्ष आहे. जे स्वतःला नोकर समजू लागले होते त्यांना योजना संपताच आपण प्रशिक्षणार्थी होतो असे कळले.

मराठीला ह्या सीमेवरच्या स्थितीसाठी एकेकाळी स्वतंत्र शब्द होता, ही गोष्ट येथे लक्षणीय वाटते. कचेरीत, वकिलाकडे, छापखान्यात ‘उमेदवारी करणे’ असा वाक्प्रचार आपल्या आजोबांच्या पिढीत रूढ होता. उमेदवार म्हणजे उमेद, म्हणजे आशा, धरून असलेला. तो काम करी, पण नोकर नसे. पगार नसे किंवा नाममात्र असे. आज ना उद्या जागा मिळेल ह्या आशेवर तो टिके. त्याला ‘बेकार’ म्हणणे कोणाला सुचले नसते, आणि ‘नोकर’ म्हणणे त्याला स्वतःलाही पटले नसते. निवडणुकांनी ह्या शब्दाचा अर्थ पुढे पळविला आणि ‘शिकाऊ उमेदवार’ ह्या कायद्यातील जोडशब्दात तेवढा जुना अर्थ शिल्लक राहिला. दरम्यान ‘बेकार’ ह्या शब्दाला ‘निरुपयोगी’ अशी हीन छटा आली, म्हणून शासकीय भाषेने ‘बेरोजगार’ जवळ केला. शब्द सौम्य झाला, पण कोठे तीनच राहिले. बोलीने जी चौथी अवस्था ओळखली होती ती सांख्यिकीच्या भाषेत अद्याप आलेली नाही.

उमेदवारी ह्या जुन्या प्रथेचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तिच्यात शोषण भरपूर होते. परंतु त्या शब्दात एक प्रामाणिकपणा होता : अवस्था तात्पुरती आहे आणि तिचा शेवट अनिश्चित आहे, हे तो लपवीत नसे. एक गैरसमज मात्र टाळावयास हवा. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘प्रच्छन्न बेकारी’ ही संज्ञा येते. जोन रॉबिन्सन ह्यांनी ती कल्पना १९३६ साली मांडली, आणि पुढे शेतीत गरजेपेक्षा अधिक माणसे राबत असण्याच्या स्थितीला ती लावली गेली. प्रशिक्षणार्थीची अवस्था त्याहून भिन्न आहे. प्रच्छन्न बेकारी अर्थव्यवस्थेच्या दुबळेपणातून येते. येथे मात्र ओळ कोठे आखावयाची ह्याचा निर्णय लेखणी धरणारा करतो.

६

समारोपादाखल तीन सूचना करतो. पहिली वाचकासाठी. बेकारीच्या दरात घट दिसली की रोजगाराचे लोकसंख्येशी प्रमाण किती वाढले हे पाहावे. आणि ते वाढले असल्यास वाढ कोणत्या वर्गात झाली आणि त्या वर्गाच्या व्याख्येत कोण कोण येतात, हे पाहावे. आरंभीच्या उदाहरणातील ९० आणि ९४ ह्यांचा भेद एवढ्यासाठीच मांडला होता. स्वीडनसारख्या ठिकाणी पहिला पडताळा पुरतो. आपल्याकडे दुसराही लागतो.

दुसरी सूचना गणना करणाऱ्यांसाठी. प्रशिक्षणार्थी कोणत्या कोठ्यात घालावा हा वाद कदाचित कधीच मिटणार नाही, आणि तो मिटण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. त्याला वेगळा संकेतांक द्यावा आणि त्याची संख्या बेकारांच्या संख्येशेजारी छापावी. जर्मनीचा ‘न्यून-रोजगार’ आणि ब्रिटनची चौथी ओळ हे दाखवितात की ह्यासाठी नव्या सिद्धान्ताची गरज नाही. एक जादा रकाना पुरतो.

तिसरी सूचना आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे. शासकीय व्याख्या हे भाषाभ्यासाचे उपेक्षित साहित्य आहे. कोश शब्दाचा अर्थ नोंदवितो. व्याख्या त्या अर्थावरून भत्ता, हक्क आणि प्रतिष्ठा ह्यांची वाटणी करते. अशा मजकुराची पूर्वपीठिका, त्यातील विशेषणे, क्रियारूपे आणि कर्ते ह्यांची चिकित्सा ज्या काटेकोरपणाने आपण जुन्या पोथ्यांची करतो, त्याच काटेकोरपणाने होणे अगत्याचे आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या तरुणाला आपण कोणत्या ओळीत छापले जातो हे बहुधा कधीच कळत नाही. ती ओळ वाचून दाखविणे हे काम कोणाचे, असा प्रश्न निघाल्यास भाषेच्या अभ्यासकाने ते आपले समजावे.